उपरण्याची पट्टी

लेकीच्या लग्नाला जायचं, पण तोंड उघडायचं नाही, असं ठरवूनच मी मस्कतमधल्या कुरुम भागातल्या हॉटेलात गेलो. तिच्याशी बोलणं बंद होऊन चार महिने झाले होते. एका स्कॉटिश इंजिनिअरशी तिनं परस्पर रजिस्टर लग्न लावलं आणि मला नंतर फोनवर कळवलं. बापाला. आज दोन्हीकडच्या रीतीनं लग्न लागणार होतं आणि परवा ती त्याच्याबरोबर कायमची स्कॉटलंडला निघणार होती. म्हणजे आज बोललो नाही तर खलास, हे मलाही कळत होतं. पण जीभ काही केल्या वळेना. हट्टी आहे मी, घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

वादी अदाईतल्या आमच्या घरापासून बायकोनं गाडीत एकच धोशा लावला होता, "आज तरी डोकं शांत ठेवा."

"शांतच आहे," मी म्हटलं. "मुका माणूस अजून किती शांत असणार?"

आधी आमच्याकडचं लग्न लागलं. कन्यादान मेव्हण्यानं केलं, कारण मी नाही म्हटलं होतं. मग त्यांच्याकडचा विधी. नवरानवरीनं हात हातात धरायचे, दोन्ही घरच्या कापडाच्या पट्ट्या त्यावर गुंडाळून गाठ मारायची आणि गाठ न सोडता हात बाहेर काढायचे. फार जुनी रीत आहे, असं जावयाच्या आत्यानं माइकवरून सांगितलं. तिच्याकडे चौकड्यांची जाडजूड लोकरी पट्टी होती. लेकीनं आपली काढली आणि माझं टाळकं सटकलं. माझ्या लग्नातल्या रेशमी उपरण्याची पट्टी होती ती. बायकोच्या शालूला ज्याची गाठ बांधली होती, ते उपरणं बायकोनंच तीस वर्षं ट्रंकेत जपलं आणि आता मला न विचारता लेकीसाठी कापलं. मी बायकोकडे पाहिलं. ती सरळ समोर बघत बसली.

आत्यानं गाठ मारली. दोघांनी हात ओढले आणि रेशीम लोकरीतून सुळकन निसटून खाली पडलं. लोक हसले. आत्यानं पुन्हा मारली, पुन्हा तेच. आता कुणी हसेना. बायकोनं माझा दंड धरला. "बरं लक्षण नाही हे," ती पुटपुटली. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मी रिगर आहे. क्रेनला माल बांधायचं काम, मस्कतमध्ये सत्तावीस वर्षं. जाड दोराला बारीक दोर साध्या गाठीनं जोडणाऱ्याला मी त्याच दिवशी साइटवरून घरी पाठवतो, कारण ओढ बसली की ती गाठ सुटणारच. आणि इथे माझ्या पोरीच्या हातावर तिसऱ्यांदा तीच चूक चालली होती.

मी उठलो.

"अहो, नका," बायको म्हणाली. तिला वाटलं, मी लग्न मोडायला निघालोय. मेव्हणा आडवा आला, त्याला बाजूला सारलं. आत्या दोन पावलं मागे सरकली. जावई घाबरला होता, पण त्यानं लेकीचा हात सोडला नाही, तेवढं मी बघून घेतलं.

लोकरी पट्टीचा वळसा केला. रेशीम त्यातून वर घेतलं, मागून फिरवलं आणि त्याच्याच खाली अडकवलं. उपरण्याला अजून डांबरगोळ्यांचा वास होता. लेकीच्या मनगटाला बोटं लागली तेव्हा मला रडू यायला लागलं आणि त्याचाही राग आला.

गाठ आवळली. सवयीनं दोनदा ओढून पाहिली.

"घट्ट झाली का गं?" तोंडातून निघूनच गेलं.

तिनं वर बघितलं. मस्कतमध्ये वाढल्यामुळे तिचं मराठी अडखळतं.

"थोडी," ती म्हणाली. "पण राहू दे, बाबा. लगेच हात काढायला नको सांगू."