ताईंच्या कुंडीतली माती

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला तरी का सांगतेय? कालचा फोन आला नसता, तर तुम्हालाही सांगितलं नसतं.

माझ्या नणंद, ताई, गेल्या, तेव्हा त्यांची एक कुंडी पुलगावला आमच्या घरी आली. फर्नची. आता सांगा, आमच्याकडच्या उन्हाळ्यात फर्न जगतं होय? पण सासूबाईंनी ती कूलरच्या वाऱ्यात ठेवली, खाली खडे घातलेली पाण्याची ताटली सरकवली, आणि लेकीशी बोलावं तसं त्या झाडाशी बोलू लागल्या. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं, पानं चाचपायच्या.

मी जळायचे. हो, झाडावर! सासूबाईंना न्हाऊ-माखू घालणारी मी, आणि गोड शब्द सगळे कुंडीला.

मग मातीवर पांढरी बुरशी धरली. सासूबाईंना वासावरूनच कळलं. म्हणाल्या, "वरची माती खरडून टाकजो वं. समोरची खिडकी थोडी उघडी ठेव — पानाले ओल पाह्यजे, पण हवा कोंडली नाई पाह्यजे. अन् माती सुकल्याबिगर पाणी नको टाकू."

एवढंच होतं. मी केलं नाही. धूळ येते म्हणत खिडकी लावूनच ठेवली, येता-जाता पाणी ओतत राहिले. आळस होता का? — नव्हता. मला ते झाड मरायलाच हवं होतं. त्या रोज विचारायच्या, "बुरशी गेली का वं?" मी म्हणायचे, "गेली, आई."

झाड सडलं, आणि मग मी घाबरले. नर्सरीतून तसलंच फर्न आणून गुपचूप त्याच कुंडीत लावलं. सासूबाईंनी नव्या पानांवरून हात फिरवला. म्हणाल्या, "वाचली माही पोरगी."

मी तिथेच उभी होते. तेव्हा तरी बोलायचं ना? — नाही बोलले. जाईपर्यंत सासूबाई त्या परक्या झाडाशी बोलत राहिल्या, आणि जाताना कुंडी नातीला द्यायला सांगून गेल्या. नणंदेची मुलगी ती, पवनारला असते.

काल तिचाच फोन. रडत होती. "मामी, आईच्या झाडाच्या मातीत बुरशी आली वं. आजी काय करत होती? हे गेलं तं माह्याजवळ आईचं काईच नाई राह्यत."

वरची माती खरड, खिडकी उघड, माती सुकू दे, ताटलीत पाणी असू दे — आजीचा शब्द न् शब्द सांगितला. तुझ्या आईचं झाड मीच मारलं, तेवढं सांगितलं नाही.

"बरं झालं मामी," ती म्हणाली, "आजी सांगत होती, तू होती म्हणून वाचलं ते तवा."

मी "हो" म्हणाले.