डिचोली कोर्ट, फोन जमा करून

१२ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी सव्वासातला पेडण्याहून स्कूटरने निघालो, संध्याकाळी पाचला परत आलो. काम एकच होतं. सर्वणच्या उल्हासला घेऊन डिचोलीच्या कोर्टात साक्षीला उभं करायचं.

या ब्लॉगवर मी आजवर देवळं आणि धबधबे लिहिले. तेव्हा शैला, माझी बायको, बरोबर असायची. फोटो तीच काढायची. दोन वर्षांपूर्वी डिचोलीच्या अलीकडे एका वळणावर चुकीच्या बाजूने आलेल्या ट्रकने तिच्या स्कूटरला उडवलं, त्यात ती गेली. ते पाहणारा एकच माणूस होता, मागच्या ट्रकचा ड्रायव्हर उल्हास. तीन तारखांना तो आलाच नाही. ही शेवटची संधी, नंतर पुरावा बंद, असं न्यायाधीशांनी मागच्या वेळी सांगितलं. म्हणून मी स्वतः आणायला गेलो.

कोलवाळपर्यंत हायवे, मग थिवी, अस्नोडा, मुळगाव. सर्वणपर्यंत दीड तास धरा. अस्नोड्याला पातळ भाजी आणि गरम उंडे, म्हणजे इथले गोल पाव, मिळतात, नाश्ता तिथेच उरका. मी चहाच घेतला. पुढे रस्ता अरुंद आहे आणि लाल धूळ उडते, हेल्मेटची काच खाली ठेवा. ते वळण याच रस्त्यावर आहे. थांबलो नाही.

उल्हास इस्त्रीचा शर्ट घालून अंगणात उभा होता. त्याची बायको दारातून म्हणाली, "दादा, ह्यांका परत घरा हाडून सोडात हां."

वाटेत तो मागून बोलला, "दादा, हांव व्हरांड्यार बसचो ना. थंय सगळे आमचेच डायवर आसतले. उद्यां म्हाका भाडें दिवपी तेच. समोरच्या हॉटेलांत बसतां. नांव येतकच रिंग मार."

"बरं," मी म्हटलं. उद्या काम देणाऱ्या ड्रायव्हरांसमोर त्याला व्हरांड्यात बसायचं नव्हतं, नाव आलं की मी फोन करायचा. मागच्या तारखेपर्यंत हे चालायचं. कोर्टहॉलमध्ये फोन बंद ठेवायचा, बोलायचं तर व्हरांड्यात यायचं.

त्याला हॉटेलात सोडून कोर्टात आलो, तर आज दारावर नवा कागद होता. पक्षकारांनी मोबाइल बंद करून इथेच जमा करावा. शिपाई लाकडी कप्प्यात फोन ठेवून नंबरचा बिल्ला देत होता.

"परवां एकाचो जजीसामने वाजलो," तो रांगेला सांगत होता. "तीय आरती!"

"खंयची रे?"

"गणपतीची. पयलें कडवें सोंपसर ताका बंद करूंक जमलें ना."

"मागीर प्रसाद मेळ्ळो?"

"मेळ्ळो. दंड!"

सगळे हसले. मीही फोन दिला. उल्हासला आता कसं कळवणार, हे बिल्ला हातात आल्यावर सुचलं.

बोर्डावर आमचा नंबर चौदावा होता. साडेदहा वाजले होते. चौदावा नंबर बाराच्या आत येत नाही, हा माझा अनुभव. बाकावर जागा मिळाली होती. आठवा नंबर झाला की उठून उल्हासला आणू, असं ठरवलं. पण एकच वकील असलेली पाच-सहा कामं होती आणि तो आला नव्हता. त्या सगळ्यांना भराभर तारखा पडल्या. अकराला शैलाची फाइल वर आली.

शिपायाने व्हरांड्यात जाऊन उल्हासचं नाव तीनदा पुकारलं. सरकारी वकील बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"बाहेर आहे. आणतो," मी म्हटलं आणि धावलो. फोन परत घ्यायला तिथेही रांग होती, थांबलो नाही. हॉटेलात तो नव्हता. मालक म्हणाला, "ताचे वळखीचे डायवर चाय घेवंक आयले, तशेंच उठलो तो." बस स्टँडवर पाहिलं, तिथेही नाही. शेवटी परत आलो तर कोर्टाच्याच मागे, स्कूटरी लावतात तिथे, कुंपणाच्या कट्ट्यावर बसला होता. फोन हातात. व्हरांडा तिथून वीस पावलांवर.

"नाव पुकारलं तुझं," मी म्हटलं.

"आयकलें. तीनूय पावट आयकलें. तुवें फोन करतां म्हणिल्लें न्ही?"

त्याला धरून आत नेलं. आत दुसरंच काम चालू होतं. वकील बाई बाहेर आल्या. "मी दहा मिनिटं मागून घेतली होती. ती दिली, मग पुरावा बंद केला. आरोपी आणि त्याचा वकील गेले. अर्ज करून बघू, पण भरवसा देत नाही."

उल्हासने खांदे खाली सोडले. सुटल्यासारखे. खरंच फोनची वाट पाहत होतास का, हे मी विचारलं नाही. अजून वाटतं, विचारायला हवं होतं. आणि वाटतं, आठव्या नंबरची वाट न पाहता आधीच उठायला हवं होतं.

बिल्ला देऊन फोन सोडवला. चालू केल्यावर त्याचा मेसेज दिसला, 'फाटल्यान बसलां.' मागे बसलोय, एवढंच. वेळ दहा बावन्न.

दुपारी तीनपर्यंत अर्जासाठी थांबलो, मग त्याला सर्वणला सोडलं. तुमची तारीख असेल तर एवढंच सांगतो, साक्षीदाराला फोनच्या भरवशावर बाहेर ठेवू नका. त्याचा हात धरून आत बसवा.

घरी पोचलो तेवढ्यात पुण्याहून मृणालचा, मुलीचा, फोन आला.

"बाबा, झाली साक्ष?"

"तारीख पडली."

"परत? बरं. जेवा वेळेवर."

फोनवर खरं सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिलं. ती हा ब्लॉग वाचते.

मग उठलो, अर्धी वाटी तांदूळ धुतले आणि गॅसवर ठेवले.