शुक्रवारचा फोन

आमच्या भिवंडीच्या घरात खाली कापड विणायचे लूम आणि वर आम्ही. त्या खडखडाटात जो हळू बोलला तो उपाशी राहिला, म्हणून सगळे ओरडूनच बोलायचो. शुक्रवारी तेवढे लूम बंद असत आणि भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायची.

ताई लग्न करून ऑस्ट्रेलियातल्या एका आडगावात गेली आणि फोनवर कुजबुजायला लागली. फोन करायची रविवारी, ऐन खडखडाटात. आईला अक्षर ऐकू येईना. पोरगी दुःखात आहे, असं तिने ठरवूनच टाकलं. नव्वदच्या दशकात ताईने मला तिकीट पाठवलं, तेव्हा आई म्हणाली, "पोर सुखात हाय का न्हाय, डोल्यांनी बघून ये."

गाव म्हणजे एक रस्ता, पुष्कळ मेंढ्या आणि एक कवी. तो तिथे जन्मला, एवढ्या भांडवलावर गावाचं बरं चाललं होतं. बेकरीच्या भिंतीवर त्याच्या ओळी, बाकावर त्याचा पुतळा. चालायला लागतो न लागतो तोच त्याचं बिऱ्हाड दुसरीकडे हललं होतं, पण हा विषय कुणी काढत नसे. ताई मोठ्या अभिमानाने मला त्याचं घर दाखवायला घेऊन गेली. कवीची खाट, कवीचा कंदील, कवीची चहाची किटली. सगळं कुजबुजत सांगत होती. मला आईचं बोलणं आठवलं.

"ताई, तू खरंच बरी आहेस ना?"

मी आपलं साधंच, घरच्या आवाजात विचारलं. पण ते घर सांभाळणाऱ्या आजीबाईंना मराठी कुठली कळायला! भांडण जुंपलं समजून त्या सोडवायला धावत आल्या. ताईने आधी तोंड दाबलं, मग कवीची खाट धरून खो खो हसत सुटली. अगदी भिवंडीतलं हसू.

"अरे, इथे मोठ्याने बोललं की लोक घाबरतात," डोळे पुसत ती म्हणाली. "म्हणून सवयच गेली माझी."

मला एकदम हायसं वाटलं. बाहेर पोस्टासमोर फोनचा बूथ होता. मी घरचा नंबर लावून रिसीव्हर तिच्या हातात दिला आणि शेजारी कान लावून उभा राहिलो.

"गाव गोळा झालं तरी चालेल. घरच्यासारखं बोल."

ताईने श्वास भरून घेतला. "आई! मी मजेत हाय! जाम मजेत हाय!"

बेकरीतली माणसं बाहेर आली.

"वरडतेस कशाला?" पलीकडून आई म्हणाली. "आज शुक्रवार हाय ना, लूम बंद हायेत."

आणि मग ती रडायला लागली. लूम बंद होते, त्यामुळे आम्हा दोघांना ते स्पष्ट ऐकू आलं.