मॅडमच्या मसुद्याचे पहिले श्रोते

डॉ. सुनंदा भालेकर मॅडमची आणि माझी पहिली भेट त्यांच्या भोसरीच्या प्रयोगशाळेत नव्हे, घरच्या स्वयंपाकघरात झाली. चाकणच्या कंपनीत नोकरी करता करता मी धातूंना पडणाऱ्या चिरांवर पहिला शोधनिबंध लिहिला होता. मॅडमनी तो हातात घेतलाच नाही. आधी आमच्या ह्यांना वाचून दाखवा, म्हणाल्या.

मॅडमचे यजमान अण्णा राजगुरुनगरच्या शाळेत इतिहास शिकवत आणि घरी गावाकडचं बोलत. आमच्या शास्त्रातलं त्यांना ओ की ठो कळत नसे, आणि म्हणूनच मॅडमचा प्रत्येक मसुदा आधी ते ऐकत. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लसूण सोलता सोलता ते "म्हंजी काय?" विचारत, मॅडम तिथे पेन्सिलीने खूण करत. मी वाचलं, नमुन्यांची झीज समाधानकारक आढळली. अण्णांनी मान वर केली.

"झिजलं ते लोखंड. समाधान कुनाला झालं?"

तो शब्द मी आजतागायत पुन्हा वापरलेला नाही.

आपल्याला काय कळलेलं नाही, ते मसुदा लिहितानाच कळतं, असं मॅडमचं मत. एकदा त्यांच्याच निबंधावर अण्णांनी विचारलं, बाकीचे तुकडे तुटले, मग तो एकच का तुटला नाही? तळटीप टाकून वेळ मारून नेता आली असती. मॅडमनी पाठवायला काढलेला निबंध थांबवला आणि चाचण्या पुन्हा केल्या. पुढे माझी नोकरी गेली, तेव्हा त्याच टेबलाशी मला जेवू घालून त्यांनी प्रयोगशाळेत रुजू करून घेतलं.

अण्णा गेल्या वर्षी गेले. मॅडम आता वाकडच्या फ्लॅटमध्ये एकट्याच असतात, आणि त्यांचा शेवटचा निबंध अर्ध्यावर अडला आहे. मी ऐकायला बसून पाहिलं; पण मला विषय कळतो, त्यामुळे मी बिनकामाचा. परिच्छेद संपला की त्या सवयीने अण्णांच्या खुर्चीकडे बघतात, आणि पुढे त्यांना वाचवत नाही.

मॅडमच्या पंच्याहत्तरीच्या गौरव अंकासाठीचा हा लेखही रिवाजाप्रमाणे मी त्यांना आधी वाचून दाखवला. शेवटी ‘शतायुषी व्हा’ असं लिहिलं होतं. मॅडमनी पेन्सिल उचलली.

"शतायुषी म्हणजे काय? एवढी वर्षं ह्या घरात बोलू कुणाशी?"

म्हणून शेवट बदलला आहे. पंच्याहत्तरीनंतरही मॅडमना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आणि हा अंक वाचणाऱ्यांपैकी ज्यांना धातूंतलं काही म्हणता काही कळत नाही, त्यांनी रविवारी सकाळी वाकडला यावं. लसूण सोलायला ठेवलेला असेल. कळलं नाही की विचारायचं, एवढंच काम आहे. मॅडम पेन्सिल घेऊन बसलेल्या असतात.