ऊन सध्या शेजारच्या काकूंकडे

तुम्ही फ्लॅट कुठल्या महिन्यात बघितला होता? आज मी हे भेटेल त्याला विचारतेय.

निगडीतला आमचा फ्लॅट आम्ही डिसेंबरात बघितला. दक्षिणेच्या बाल्कनीतून ऊन थेट हॉलमध्ये येत होतं. "वाळवणाची सोय झाली," म्हणत सासूबाईंनी तिथंच पसंती दिली.

आज पहाटे चीक शिजवून आम्ही बाल्कनीत प्लास्टिकवर कुरडया घातल्या. दहा वाजले तरी नुसती सावली. गच्चीला सोसायटीचं कुलूप. ओल्या कुरडया आंबणार म्हणून सासूबाई रडकुंडीला आल्या. "मेलं ऊन गेलं कुठं?"

नवरा एरवी चाकणला फर्स्ट शिफ्टला असतो, आज सुट्टीमुळे घरी होता. त्याने कुरडयांचा सोऱ्या तिरका धरला. "आई, पृथ्वी अशी कललेली आहे. थंडीत आपली बाजू सूर्यापासून लांब झुकते, म्हणून तो दक्षिणेकडून, खालून जातो आणि घरात ऊन येतं. आता मे महिन्यात आपण त्याच्याकडे झुकलोय. दिवस मोठा झाला, पण सूर्य डोक्यावर, जरा उत्तरेलाच."

"मग उत्तरेला कोण राहतं ते सांग."

समोरच्या काकू. थंडीभर त्या आमच्या बाल्कनीत पाठ शेकायला यायच्या. प्लास्टिकचे चारी कोपरे धरून आम्ही त्यांच्या दारात गेलो, तर त्या म्हणाल्या, "कधीची वाट बघतेय. ऊन आता माझ्याकडे राहायला आलंय."

सासूबाई अजून तिथंच राखण करत बसल्यात, चहासुद्धा तिकडेच झाला.

तुमच्या मजल्यावर सध्या ऊन कुणाकडे आहे?