न सुटलेले पट्टे

नेहमी विमानाने फिरणारी माणसं एका आवाजावरून ओळखता येतात. चाकं जमिनीला टेकली रे टेकली की, पट्ट्याचा दिवा विझायच्या आधीच, त्यांच्या कमरेचे पट्टे खटाखट सुटतात. मीही त्यांतलाच.

परवा पुण्याला उतरत होतो. शेजारचे गृहस्थ दर आठवड्याला दिल्लीला जाणारे. "निघालो तेव्हा आपल्या चार विकेट पडल्या होत्या," ते म्हणाले, "उतरलो की कळेल पुढचं." एक हात त्यांनी आधीच पट्ट्यावर ठेवला होता. धावपट्टी अगदी खाली आली, आणि एकाएकी इंजिनं गर्जली. विमान नाक वर करून पुन्हा ढगांत शिरलं.

वैमानिकाचा आवाज येईना. अशा वेळी आम्ही मुरलेले प्रवासी हवाई सुंदरीचा चेहरा बघतो. तो हसरा असला की झालं. समोर बसलेली ती मुलगी खाली बघत होती. सवयीलाच आपण धीर म्हणत आलो, हे मला तेव्हा कळलं. शेजाऱ्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. त्यांना ते ठाऊक नव्हतं, आणि मलाही ते सोडवावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या फेरीला विमान टेकलं, थांबलं. दिवा विझला तरी एकही पट्टा वाजला नाही.

मग त्यांनी माझा हात सोडला आणि फोन सुरू केला. स्कोअर न बघताच घरी लावला.

"काही नाही गं," ते म्हणाले, "जेवलीस का?"