ब्रेक ऑइलची खालची रेघ

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो. आई म्हणते, पाळण्यातही मी मुठी आवळूनच झोपायचो. या मुठींचं मला बरीच वर्षं कौतुक होतं. मुलुंडला आमच्या बिल्डिंगच्या आवारात, एका रविवारी सकाळी, ते संपलं.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन जत्रेला गावी निघायचं होतं, घाटातून. तिने अख्ख्या बिल्डिंगला सांगून ठेवलं होतं. म्हणून मी घरच्या घरी ब्रेक ऑइल तपासायला घेतलं. मोबाइलवर व्हिडिओ लावला, अर्धा पाहिला आणि मला सगळं समजलं. गाडी सपाट जागी हवी, इंजिन थंड हवं, झाकण उघडण्याआधी फडक्याने पुसायचं, म्हणजे आत कचरा पडत नाही. बॉनेटखालच्या पांढऱ्या डबीवर दोन रेघा असतात, तेल त्यांच्या मध्ये हवं. माझं खालच्या रेघेच्याही खाली गेलेलं, आणि कोऱ्या चहासारखं काळपट. दिवाळीत तेच तेल वरच्या रेघेला टेकलेलं मी पाहिलं होतं.

मग गेलं कुठे? माझ्या डोक्यात एकच उत्तर आलं, तळमजल्यावरचे काका.

काका म्हणजे बस डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले मालवणी गृहस्थ. पार्किंगच्या जागेवरून आमचं वर्षभर वाकडं होतं. मी त्यांच्या स्कूटरची हवा सोडली, त्यांनी सोसायटीत तक्रार केली, मी जिन्यात त्यांची कॉलर धरली, त्यांनी बोलणं टाकलं. वॉचमनला विचारलं, गाडीजवळ कोणी आलं होतं का. तो म्हणाला, काका सकाळी पुढच्या चाकापाशी उकिडवे बसून बॅटरीचा उजेड मारत होते. बस्स. म्हाताऱ्याने ब्रेकचा पाइप सैल केला, माझ्या आईला दरीत घालायला निघालाय. खाली एखादा थेंब तरी सांडलाय का, हे वाकून बघायचंही मला सुचलं नाही.

काका मासळीची पिशवी घेऊन गेटातून आत येत होते. मी त्यांना मानगुटीला धरून गाडीपर्यंत फरफटत आणलं. पिशवी फाटली, बांगडे फरशीवर पसरले. त्यांचं तोंड उघड्या इंजिनावर दाबून म्हटलं, बघ तुझं काम. ते काहीतरी सांगू पाहत होते. पहिला ठोसा जबड्यावर बसला, दुसरा तोंडावर. चष्मा गेला, पुढचा दात गेला. खरं सांगतो, दुसरा ठोसा मारताना मला बरं वाटलं होतं. सत्तरीचा माणूस बंपरला धरून खाली बसला, तरी मी लाथ उचलली.

त्यांनी हात वर केला नाही. रक्त थुंकून चाकाकडे बोट दाखवलं.

"पॅड झिजले तुझे. म्हणान त्याल खाली गेलां. आवशीक घेवन घाटात जाव नको."

ज्या आईला घाटात नेऊ नको म्हणून ते सांगत होते, ती जिन्यातून बघत होती. ती खाली आली, सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली वाजवली आणि बांगडे वेचायला बसली.

तासाभराने गॅरेजवाल्याने चाक काढलं. ब्रेकचे पॅड संपून लोखंडावर लोखंड घासत होतं. पाइप धडधाकट होता. पॅड झिजत जातात तसं डबीतलं तेल आपोआप खाली उतरतं, व्हिडिओच्या उरलेल्या अर्ध्यात हेच सांगितलं होतं. काकांनी खिडकीतून माझ्या गाडीची खरखर ऐकली होती. बोलणं बंद असलेल्या माणसाला सांगायचं, तर आधी खात्री करावी म्हणून ते चाकापाशी बसले होते, हे नंतर आईकडून कळलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरच नव्हता.

संध्याकाळी त्यांच्या दारात उभा राहिलो. माफीची वाक्यं जिन्यातच घोकली होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि स्वतःच्या हातांची भीती वाटत होती. काकांनी दार अर्धं उघडलं. ओठ सुजून जांभळा झाला होता. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं,

"पॅड बदललंस?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मगे जा आता," ते म्हणाले आणि आतून कडी लावली.